भाचीच्या फॉर्ममधल्या तीन चौकटी

सांजवात
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

माझी भाची, वय १९, बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने एका सौंदर्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी नाव द्यायचं ठरवलंय. घरात आधी सन्नाटा, मग दोन दिवस चर्चासत्र, शेवटी ताईने "तुझं तू बघ" म्हणून हात झटकले आणि प्रकरण माझ्याकडे आलं. मावशी म्हणजे अपील कोर्ट.

उंची, फोटो, शिक्षण वगैरे भरून झालंय. गाडी अडलीय शेवटच्या पानावर. तिथे तीन मोठ्या चौकटी आहेत: पार्श्वभूमी, आवडीनिवडी, महत्त्वाकांक्षा. प्रत्येकी शंभर शब्द. बाईसाहेबांनी भरलंय ते असं:

पार्श्वभूमी: मी एका सुसंस्कृत मध्यमवर्गीय कुटुंबातून आले आहे.
आवडीनिवडी: वाचन, प्रवास, नृत्य, नवीन लोकांना भेटणं.
महत्त्वाकांक्षा: समाजासाठी, विशेषतः स्त्रिया आणि मुलांसाठी काहीतरी करायचं आहे.

वाचून मी विचारलं, ही मुलगी कोण? मी हिला पाळण्यापासून ओळखते. नवीन लोकांना भेटणं? पाहुण्यांची चाहूल लागली की ही आतल्या खोलीत गडप होते. तर म्हणे, "मावशी, सगळ्या असंच लिहितात."

खरंच सगळ्या असंच लिहितात का? आणि लिहावं का? स्पर्धेत जावं की जाऊ नये यावर कृपया वाद नको, तो घरी घालून झालाय.

टवाळ_कार्टं
जागतिक शांतता राहिली की हो! त्याशिवाय फॉर्म स्वीकारतच नाहीत.
बाकी "वाद नको" असं धागाकर्तीने लिहिलं म्हणजे प्रतिसादांची शंभरी नक्की.

निवांत
+१. खुर्ची ओढून बसतोय.

कडूनिंब
वाद घालत नाही, इतिहास सांगतो. १९५१ साली लंडनमध्ये फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनच्या गर्दीचा फायदा घ्यायला एरिक मॉर्ली नावाच्या माणसाने बिकिनी घातलेल्या मुलींची स्पर्धा भरवली. वर्तमानपत्रांनी तिला "मिस वर्ल्ड" म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. पहिली विजेती स्वीडनची किकी हॉकन्सन, तिला मुकुटही बिकिनीतच घातला गेला. तेव्हा तिची महत्त्वाकांक्षा काय, आवडी काय, हे मुख्य नव्हतंच. "ब्यूटी विथ अ पर्पज" ही पाटी लागली १९७२ मध्ये, आणि मिस वर्ल्डमधली स्विमसूट फेरी बंद करायची घोषणा व्हायला २०१४ उजाडलं.

म्हणजे आधी माल मांडला, आरडाओरडा झाला, मग मालाला चरित्र चिकटवलं. तुमच्या भाचीच्या तीन चौकटी म्हणजे ते चरित्र. त्यात ती काय लिहिते याने काय फरक पडतो? काही तरी गोड लिहा आणि मोकळ्या व्हा.

अर्धविराम
कडूनिंब, इतिहास बरोबर, पण अर्धाच सांगितलात. अटलांटिक सिटीत १९२१ साली मिस अमेरिका सुरू झाली तीही हंगाम लांबवायला, म्हणजे पर्यटकांनी सप्टेंबरमध्येही थांबावं म्हणून. धंदाच होता. पण त्याच स्पर्धेने १९४५ मध्ये शिष्यवृत्ती सुरू केली आणि ५,००० डॉलरची ती पहिली शिष्यवृत्ती घेणारी विजेती होती बेस मायरसन, मिस अमेरिका झालेली पहिली ज्यू मुलगी. धंदेवाल्यांनी दार त्यांच्या कारणासाठी उघडलं असेल, पण आत शिरणाऱ्या मुलींची कारणं त्यांची स्वतःची होती.

आपल्याकडचंच बघा. १९६६ साली रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली तेव्हा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती. आशियातून हा किताब मिळवणारी पहिली. वर्षभर किताबाची कर्तव्यं केली, मग चित्रपट-मॉडेलिंग सगळं बाजूला ठेवून लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात पुढचं शिक्षण घेतलं आणि डॉक्टर म्हणूनच जगली. तिच्या फॉर्मवर "डॉक्टर व्हायचंय" असं असेल तर ते शब्दशः खरं होतं.

आणि १९७० चं सांगायचं विसरलात! रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्त्रीमुक्तीवाल्यांनी विनोदी नट बॉब होपच्या अंगावर पिठाच्या पुड्या फेकल्या ती स्पर्धा. त्या आंदोलक बायकांचं म्हणणं मला पटतं. पण त्याच रात्री ग्रेनाडाची जेनिफर होस्टन जिंकली, मिस वर्ल्ड झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आधी हवाईसुंदरी होती, पुढे तिच्या देशाची कॅनडातली उच्चायुक्त झाली. दोन्ही गोष्टी एकाच छताखाली घडल्या.

कडूनिंब
पाच-सहा नावं सापडतात हो. बाकीच्या हजारोंचं काय झालं ते कोण लिहितं?

अर्धविराम
मान्य. पण तीच तक्रार क्रिकेट अकादमीतल्या पोरांबद्दल का करत नाही कुणी?

टवाळ_कार्टं
मुद्दा नोंदवला. (खुर्ची पुढे ओढतोय.)

पडद्यामागची
मी काही वर्षं अशा स्पर्धांच्या मागच्या बाजूला काम केलंय. मुलींची तयारी, कपड्यांची गडबड, क्रम लावणं, स्टेजच्या तोंडाशी उभं राहून "आता जा" म्हणणं. त्यामुळे फॉर्मचं पुढे काय होतं ते सांगू शकते. सांजवात, भाचीला हे वाचायला द्या.

त्या चौकटी कपाटात जात नाहीत. मुलाखत फेरीच्या आधी परीक्षकांच्या हातात प्रत्येकीचं एक पान असतं. त्यांनी सकाळपासून चाळीस मुली बघितलेल्या असतात, डोकं पिकलेलं असतं, प्रश्न सुचत नसतात. मग ते काय करतात? पानावर नजर टाकतात आणि तिथलंच काहीतरी उचलून विचारतात. म्हणजे प्रश्नपत्रिका कोण काढतं? तुम्हीच.

एका मुलीने "वाचन" लिहिलं होतं. परीक्षक बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, "अरे वा, सध्या काय वाचतेयस?" ती हसली. हसतच राहिली. तिच्या डाव्या हाताचा अंगठा साडीच्या निऱ्यांवरून वरखाली फिरत होता, तेवढीच हालचाल. मी पडद्याच्या फटीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, अगं कुठलंही नाव घे, शाळेच्या पुस्तकातला धडा सांग. शेवटी ती म्हणाली, "मला सगळंच वाचायला आवडतं." संपलं. मुलगी हुशार होती हो, इतर प्रश्नांना छान बोलली असती. पण तिने स्वतःच्या हाताने स्वतःला खड्डा खणला होता.

उलटंही होतं. २०२१ ची मिस युनिव्हर्स आठवतेय? इस्रायलमधल्या एलात शहरातला कार्यक्रम. सूत्रधार स्टीव्ह हार्वीने हरनाज संधूला विचारलं, तू म्हणे प्राण्यांचे आवाज काढतेस. आणि ती जगासमोर म्याँव करून मोकळी झाली. लोकांनी त्याला नावं ठेवली की इतक्या मोठ्या मंचावर हे काय विचारणं. मलाही तो प्रश्न आवडला नाही. पण मुलगी बघा कशी वागली. आधी म्हणाली, अरे देवा, हे मी इथे करेन असं वाटलं नव्हतं, आणि मग केलंच. आवड खरी होती म्हणून अडली नाही. "नवीन लोकांना भेटणं" लिहिलं असतं तर काय करून दाखवणार होती?

निवांत
"प्रश्नपत्रिका तुम्हीच काढता." नोकरीच्या मुलाखतीलाही लागू. वाचनखूण साठवली.

दोन_मुलींचा_बाबा
मी धाग्याच्या प्रश्नाबाहेर जातोय, माफ करा. माझ्या मुली चौदा आणि सतरा वर्षांच्या आहेत. फॉर्मचं जाऊ द्या, मला भीती वाटते ती खाण्यापिण्याची. मोठी सध्याच जेवताना ताटाकडे हिशेबाच्या वहीसारखं बघते. स्पर्धेत शिरलेल्या मुलींचं काय होत असेल?

अर्धविराम
बाबा, भीती रास्त आहे आणि ती विजेत्यांनी स्वतः बोलून दाखवली आहे. नीना दावुलुरी, मिस अमेरिका २०१४, हिने बुलिमियाशी, म्हणजे खाण्याच्या एका विकाराशी, झगडल्याचं उघड सांगितलंय. हरनाज संधूचं वजन किताबानंतर वाढलं तेव्हा लोकांनी काय काय लिहिलं आणि मग तिने सांगितलं की तिला सीलिॲक नावाचा आजार आहे, गव्हाच्या पिठातलं ग्लूटेन चालत नाही. म्हणजे आधी "फार बारीक" म्हणून बोलणी, मग "जाड झाली" म्हणून. २०२४ च्या मे महिन्यात तर नोएलिया व्हॉइट या मिस यूएसएने मानसिक आरोग्याचं कारण देऊन चालू कारकिर्दीत मुकुट परत केला.

हे धागाकर्तीच्या घरीही वाचलं जावं. फॉर्ममध्ये वजनाचा रकाना असतो, तो भरताना मुलगी काय विचार करते हे मावशीला कळायला हवं.

सांजवात
अर्धविराम, धन्यवाद. वजनाचा रकाना तिने न लपवता भरलाय, माझ्यासमोर. तेवढ्यापुरती निश्चिंत आहे. पण डोळे उघडे ठेवीन.

एकदा_हरलेली
हा धागा बघून आयडीचा पासवर्ड शोधून काढला.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशा एका स्पर्धेत उतरले होते. शेवटच्या दहांत आले आणि तिथे संपले. मला "पार्श्वभूमी" या चौकटीबद्दल बोलायचंय, कारण त्यावर कुणी बोललं नाही.

मला तयारी करून देणारे एक गृहस्थ होते. त्यांनी माझा मजकूर वाचला आणि म्हणाले, "यात गोष्ट कुठे आहे?" माझे वडील कारकून, आई शिवणकाम करायची. खाऊनपिऊन सुखी घर. त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या घराला दहा मिनिटांत गरीब केलं. "आई रात्र रात्र शिवणकाम करून आम्हाला वाढवत होती." "एका खोलीत दिवस काढले." खोटं एकही नाही बघा. आई शिवायची, सणासुदीला रात्रीही शिवायची. आणि घर बांधून होईपर्यंत आम्ही चार महिने एका खोलीत राहिलोच होतो. मी सही केली.

अंतिम फेरीच्या दिवशी एक स्मरणिका वाटली. त्यात प्रत्येकीची माहिती छापलेली. बाबांनी ती हॉलमध्ये बसून वाचली. घरी येताना काही बोलले नाहीत. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा मी जागी होते, तर दारात उभं राहून म्हणाले, "आपल्याकडे कधी काय कमी होतं गं?"

मी हरले त्याचं मला आज काहीही वाटत नाही. या वाक्याचं वाटतं. बाबा आता नाहीत.

सांजवात, मुलीच्या घराबद्दल जे लिहाल ते ताईला आणि भावोजींना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं तर खोडा.

निवांत
काय लिहू. नमस्कार.

कडूनिंब
ताई, मी या धाग्यावर कडवटपणाच करायला आलो होतो. तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. हीच ती गोष्ट, जी मला या सगळ्या प्रकारात खुपते. घर विकायला लावतात.

अर्धविराम
यात एक फरक करायला हवा. ज्यांची ओढाताण खरी असते त्यांनी ती का लपवावी? २०२० च्या फेमिना मिस इंडियाची उपविजेती मान्या सिंग रिक्षाचालकाची मुलगी. सत्काराला ती मुकुटासह वडिलांच्या रिक्षातून गेली. तिच्या आई-वडिलांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी लाज नव्हती, फोटो बघा. आणि सुश्मिता सेनने सांगितलेली ती गोष्ट, १९९४ च्या मिस इंडियाला घातलेला गाऊन एका साध्या शिंप्याने शिवला आणि हातमोजे नव्या पायमोज्यांतून कापून केले. ती हे हसत हसत सांगते, कारण त्यात आईची शक्कल आहे. दया मागितलेली नाही.

एकदा_हरलेली
अगदी हेच. माझ्या आईचं शिवण सुंदर होतं, खरं तर ते लिहायला हवं होतं. तिचे काजे मशीनवर केल्यासारखे दिसायचे. त्या गृहस्थांना त्यात गोष्ट दिसली नाही आणि मलाही दिसली नाही.

पडद्यामागची
सांजवात, एक विचारू? भाचीला खरंच काय आवडतं? म्हणजे कुणी बघत नसताना ती काय करते?

सांजवात
हसू नका. घड्याळं.

भावोजींचं घड्याळदुरुस्तीचं काम. लहानपणापासून ही त्यांच्या शेजारी स्टुलावर. दहा वर्षांची असल्यापासून डोळ्याला भिंग लावून चिमट्याने स्क्रू उचलते, ते स्क्रू तुम्हा-आम्हाला धुळीचे कण वाटतील. हातातलं चावीचं घड्याळ पूर्ण खोलून परत जोडते. मागच्या महिन्यात मी बघत बसले होते. सगळं जोडून झालं, शेवटी तो गोल फिरणारा भाग (बॅलन्स व्हील म्हणतात म्हणे) जागेवर बसवला आणि तो आपोआप हलायला लागला. हिने घड्याळ माझ्या कानाशी धरलं आणि म्हणाली, "मोज. सेकंदाला पाच." मला काही मोजता आलं नाही, पण तिला येतं. टिकटिक ऐकून कुठे चुकतंय ते सांगते.

मी म्हटलं हेच लिही. तर म्हणाली, "स्पर्धेत घड्याळजी नकोय त्यांना."

टवाळ_कार्टं
थांबा थांबा थांबा. "वाचन, प्रवास, नृत्य" लिहिणाऱ्या मुलीला घड्याळ खोलता येतं??? आणि ते तिने लपवलं???

दोन_मुलींचा_बाबा
माझ्या वडिलांचं चावीचं घड्याळ गेली सहा वर्षं कपाटात बंद पडून आहे. सहज सांगितलं.

पडद्यामागची
मावशी, तिला सांगा, चाळीस "वाचन-प्रवास-नृत्य" वाचून पिकलेल्या परीक्षकाला "मी चावीचं घड्याळ खोलून जोडते" हे वाक्य दिसलं की तो सरळ बसतो. मी बसलेले पाहिलेत.

अर्धविराम
कॅमिल श्रायर! डिसेंबर २०१९ मध्ये मिस अमेरिका २०२० झाली. फार्मसीची विद्यार्थिनी. कलागुणांच्या फेरीत सगळ्या गातात, नाचतात, पियानो वाजवतात. ही प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालून आली आणि हायड्रोजन पेरॉक्साईडचं विघटन करून रंगीत फेसाचे कारंजे उडवले. मध्ये उत्प्रेरक म्हणजे काय ते समजावूनही सांगितलं. आणि जिंकली. २०२२ ची मिस युनिव्हर्स आर'बॉनी गॅब्रिएल कपडे शिवणारी, जुन्या कापडातून नवे कपडे करणारी, अत्याचारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांना शिवण शिकवणारी. आवड आणि काम एकाच सुईने शिवलेलं.

कडूनिंब
अर्धविराम, फार गुलाबी होतंय. खरं बोलून हरल्याचंही सांगा. मधु सप्रे विसरलात?

१९९२, बँकॉक, मिस युनिव्हर्स. शेवटच्या तिघींत आपली नागपूरची मधु सप्रे. प्रश्न असा की देशाची प्रमुख झालीस तर पहिलं काय करशील. ती खेळाडू. तिने खेळाडूसारखं उत्तर दिलं, की खेळांसाठी सोयी, मैदान उभारीन, कारण मोठं क्रीडांगण नाही. तिसरी आली. तेव्हापासून आजपर्यंत लोक म्हणतात की "गरिबी हटवीन" म्हणाली असती तर मुकुट तिचा होता. याउलट २००० साली प्रियांका चोप्राला विचारलं, हयात असलेली कुठली स्त्री तुला सर्वांत यशस्वी वाटते. ती म्हणाली मदर तेरेसा, ज्या १९९७ मध्येच गेल्या होत्या. जिंकली! तेव्हा खरं बोला, आवडीचं बोला हा सल्ला द्या, पण त्याने मुकुट मिळतो असं पोरीला सांगू नका.

अर्धविराम
चीतपट. मधु सप्रेचं उदाहरण मला सुचायला हवं होतं.

पडद्यामागची
कडूनिंबांचं बरोबर आहे. पण मधु सप्रेचं उत्तर आपल्याला आज आठवतंय, बाकी दोघींची उत्तरं कुणाला येतात? असो, हे सांत्वन झालं. तुटपुंजं आहे, मला माहितीय.

माझं मत: त्या उत्तरात खरेपणा पुरेसा होता, कमी पडला तो पूल. मैदान का, कुणासाठी, त्याने काय होईल, हे तीस सेकंदांत जोडता आलं नाही. परदेशी मंचावरच्या विशीतल्या मुलीला नाही जमत. म्हणून फॉर्म भरतानाच घरी बसून तो पूल बांधायचा. घड्याळ ठीक, पण घड्याळावरून पुढे कुठे? तिसरी चौकट. सांजवात, तिला शिकून काय करायचंय?

सांजवात
तेच तर. विचारलं की "बघू" म्हणते. पण मला एक प्रसंग माहितीय, तो सांगते.

आमच्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, दोन्ही कानांना यंत्रं आहेत. त्यातली बॅटरी ३१२ नंबरची, व्यास ८ मिलीमीटरही नाही. त्यावर तपकिरी रंगाचा इवलासा स्टिकर असतो, तो काढला की आत हवा जाते आणि बॅटरी चालू होते. म्हणजे आधी तो स्टिकर नखाने सोलायचा, मग ते बटण योग्य बाजूने त्या इवल्या दारात बसवायचं. आईचे हात थरथरतात. बॅटरी पडते, खाटेखाली जाते, दिसत नाही. मग ती यंत्र काढून ठेवते आणि "मला काय ऐकायचंय आता" म्हणते. आम्हाला वाटायचं हट्टीपणा.

ही पोरगी एक दिवस आजीसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, तू करून दाखव, मी फक्त बघणार." पंधरा मिनिटं बघितलं. मदत केली नाही, आईला जरा रागच आला. मग म्हणाली, "मावशी, यंत्र बनवणाऱ्याने कान बघितलाय, बोटं बघितली नाहीत." नंतर चिमट्याच्या टोकाला लोहचुंबक बसवून तिने आजीसाठी एक काडी केली. बॅटरी त्याला चिकटते, पडत नाही. दाराच्या कडेला नखाएवढा लाल ठिपका लावला, बाजू कळावी म्हणून. आई आता स्वतः बदलते.

पडद्यामागची
...आणि ही मुलगी "समाजासाठी काहीतरी करायचं आहे" असं लिहितेय.

एकदा_हरलेली
"कान बघितलाय, बोटं बघितली नाहीत." हे वाक्य फॉर्मवर हवं. अगदी असंच्या असं.

कडूनिंब
मी फॉर्म भरायला विरोध मागे घेतो. स्पर्धेला विरोध कायम.

अर्धविराम
संदर्भासाठी: २०२५ ची मिस वर्ल्ड, थायलंडची ओपल सुचाता. सोळाव्या वर्षी तिच्या स्तनातली गाठ काढावी लागली, त्यातून तिने स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृतीचं काम उभं केलं. "स्त्रियांसाठी काहीतरी" असं ढोबळ लिहिलं नाही, जिथे स्वतःला टोचलं तिथे बोट ठेवलं. मानुषी छिल्लरचंही २०१७ मध्ये मासिक पाळीतल्या स्वच्छतेचं काम होतं, तीही वैद्यकीय विद्यार्थिनी.

टवाळ_कार्टं
मी पण गंभीर व्हायला लागलोय, कुणीतरी आवरा.

पडद्यामागची
जाता जाता एक महत्त्वाचं, आणि हे घरातल्या मोठ्यांसाठी. नाव घेणार नाही, पण मी स्वतः एका आयोजकाकडे राबले जिथे "स्पर्धा" नावापुरती होती. नावनोंदणीला पैसे, मग निवड झाल्याचा फोन, मग तयारीवर्गाचे पैसे, छायाचित्रांचे वेगळे, पोशाखाचे त्यांच्याकडूनच घ्यायचे. निवड सगळ्यांचीच होत होती. पंधरा किताब होते, सुंदर केस, सुंदर हास्य, सुंदर चाल. माझे शेवटच्या दोन महिन्यांचे पैसेही बुडाले, ते सोडा. पण मुली करारावर न वाचता सह्या करत होत्या, त्यात पुढची काही वर्षं कुठलंही काम त्यांच्यामार्फतच घ्यायचं अशी अट होती.

तेव्हा: करार घरी आणायचा, वाचायचा, ओळखीच्या वकिलाला दाखवायचा. "आत्ताच सही करा, नाहीतर जागा जाईल" म्हणणाऱ्याला जागा देऊन टाकायची. फोटो कुठे आणि किती काळ वापरणार हे लेखी. आणि तालमीला, भेटीगाठींना कुणीतरी घरचं सोबत येऊ शकतं का, हे विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघायचा. तो चेहरा खूप काही सांगतो.

दोन_मुलींचा_बाबा
हे छापून भिंतीवर लावतोय.

सांजवात
पडद्यामागची, करार कालच मागवला. पंचवीस पानं आहेत, भावोजी त्यांचं भिंग लावून वाचतायत. अक्षरशः.

आणि एक कबुली. धाग्याचा दुवा मी तिला पाठवला. आधी भडकली, "माझ्या काडीची गोष्ट जगाला सांगितलीस?" मग रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा होता. सकाळी नवा मजकूर ताई-भावोजींना मोठ्याने वाचून दाखवला, एकदा_हरलेली यांनी सांगितलं तसा. भावोजी एवढंच म्हणाले, "दुकानाला कार्यशाळा म्हणू नकोस, दुकानच म्हण." तेवढं बदललं.

टिकटिक
नमस्कार. मी भाची. आयडी मावशीनेच काढून दिला.

सगळं वाचलं. कडूनिंब काका, स्पर्धेबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातलं बरंच मला आधीपासून पटतं, तरी जायचंय. कारण विचाराल तर, मला लोकांसमोर बोलता येत नाही. पाहुणे आले की आत जाते हे मावशीने सांगितलंच. घड्याळाशी बोलता येतं, आजीशी येतं, तिसऱ्या माणसाशी नाही. उद्या कानाचं यंत्र मी कितीही चांगलं केलं तरी ते कुणाला तरी समजावून सांगावं लागणार. म्हटलं, सर्वांत जास्त भीती वाटते तिथेच जाऊन बघू. हे कारण फॉर्ममध्ये घातलंय. मावशी म्हणाली होती घालू नकोस, भित्री वाटशील. पण घातलं.

वाचन काढून टाकलं. नृत्य ठेवलं, कारण ते मला खरंच येतं, मावशीला माहीत नाही.

एकदा_हरलेली मावशी, तुमच्या आईच्या काज्यांबद्दल वाचून आईला दाखवलं. तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

आणि दोन_मुलींचा_बाबा काका, आजोबांच्या घड्याळाचं विचारायचं होतं. चावी देताना मध्येच घट्ट होऊन अडते, की नुसती फिरतच राहते?

दोन_मुलींचा_बाबा
आत्ताच कपाटातून काढून बघितलं. नुसती फिरतच राहते.

टिकटिक
मग बहुतेक आतली मुख्य स्प्रिंग तुटली असेल. बाकी ठीक असायची शक्यता आहे. उगीच फिरवत राहू नका आणि कुणालाही मागचं झाकण चाकूने उघडू देऊ नका. तुमच्या मोठ्या मुलीला सांगा, ते कानाशी धरून हळूच हलवून बघ, आत काही सैल खुळखुळतंय का. तिने जे ऐकलं ते मला इथे लिहा.